मॅच किती वाजता संपेल? : एका हौशी खेळणाऱ्या डॉक्टरचं मत

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉम्प्युटर गेम खेळतो. वयाची पन्नाशी उलटली आहे, मिठबावात दवाखाना आहे, आणि तरीही दुपारी पेशंट नसले की टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सॉलिटेअरचे पत्ते मांडतो. स्क्रीनची पाठ पेशंटच्या खुर्चीकडे असते, म्हणून आजवर निभावलं. एकदा एक आजी टेबलाला वळसा घालून थेट माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय हो डॉक्टर, माझो रिपोर्ट बघतास काय?" मी हो म्हणालो. काय करणार!

हे आधी सांगायचं कारण असं, की गेमबद्दल डॉक्टरांनी लिहिलेलं जे काही वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं कधीही गेम न खेळलेल्या माणसाने लिहिलेलं असतं. वाचताना ते जाणवतं. आणि मुलांना तर ते पहिल्या वाक्यातच कळतं. या ब्लॉगवर आपण एरवी मधुमेह, रक्तदाब, लेप्टो, सर्पदंश असे विषय घेतो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. माहिती आहेच, पण मत जास्त आहे.

निमित्त घडलं ते एका मुलाचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पुढच्या उदाहरणातही तसंच.) नववीतला मुलगा, तक्रार डोकेदुखीची. आई बरोबर होती. मी काही विचारायच्या आत तिनेच निदान सांगितलं, "हो झील रातभर मोबाईलात तोंड घालून बसता. काय तरी औषद देवा." मुलगा खाली मान घालून बसलेला. मी त्याला विचारलं, कुठला गेम? त्याने नाव सांगितलं. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच गट जिवंत उरतो, त्या जातीतला. मी विचारलं, रँक काय आहे तुझी? तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. पुढची पाच मिनिटं तो जे बोलला, ते त्याची आई बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती. त्याच्या गटात चार जण आहेत. दोन चुलतभाऊ नालासोपाऱ्याला, एक मित्र रत्नागिरीला, चौथा हा. रात्री दहानंतर खेळतात, कारण नालासोपाऱ्याचे दोघे क्लासवरून उशिरा येतात.

आई म्हणाली, बाहेर जाऊन खेळ म्हटलं तर जात नाही. तो पटकन म्हणाला, "कोणाबरोबर?"

त्याच्या वाडीत त्याच्या वयाचा दुसरा मुलगा नाही. शाळेत वर्गात आहेत तेही लांबून येणारे, शाळा सुटली की घरी जाणारे. मला त्याला उत्तर देता आलं नाही. आमच्या लहानपणी समुद्रावर क्रिकेटला दोन संघ भरून वर मुलं उरायची. आज किनारा तोच आहे, गजबादेवीची टेकडी तीच आहे, पण घरांना कुलपं आहेत. आपण मुलांना 'बाहेर खेळा' म्हणून सांगतो, तेव्हा बाहेर कोण आहे हे एकदा बघायला हवं. त्या मुलाला गेमने बिघडवलं असं मला त्या क्षणी तरी म्हणता आलं नाही. गेममुळे त्याला निदान खेळायला भिडू मिळाले होते.

तरीही त्याचं डोकं दुखत होतं, हेही खरं. त्यावर लेखाच्या शेवटी येतो.

आता माझ्याबद्दल थोडं. माझा पहिला गेम कॉम्प्युटरवरचा नव्हता, काजूच्या बियांचा होता. कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. बिया रांगेत मांडायच्या, लांबून नेम धरून उडवायच्या, उडवलेल्या आपल्या. दुकानदार बिया विकत घ्यायचा, म्हणजे तो जवळजवळ रोखीचा व्यवहार होता. घरच्या बिया हरून आल्यावर आजोबांचा मारही खाल्लेला आहे. पण बियांचा हंगाम संपला की हा खेळ आपोआप बंद व्हायचा. मग पाऊस.

नव्वदच्या दशकात मेडिकलला असताना हॉस्टेलमधल्या एका मित्राकडे कॉम्प्युटर आला. त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' होता. १९८९ सालचा तो गेम. राजकुमाराने तळघरातून निघून राजकन्येला सोडवायचं, आणि त्यासाठी हातात बरोबर ६० मिनिटं. वेळ संपली की खेळ खलास. आम्ही सहा-सात जण एका कॉम्प्युटरभोवती बसायचो, एक जण खेळायचा आणि बाकीचे ओरडायचे. फायनलच्या अभ्यासाचं नुकसान झालं का? झालं असणार. पण एका तासाने खेळणारा उठायचा, दुसरा बसायचा, आणि आपली पाळी कधी येणार ते आधीच कळायचं. नंतर 'माइनस्वीपर', नंतर 'एज ऑफ एम्पायर्स', आणि नोकियाच्या फोनवरचा तो साप. साप स्वतःच्याच शेपटीला चावला की संपला.

या सगळ्या गेमना शेवट होता. जिंका किंवा हरा, पण संपायचा. माझ्या मते चांगला गेम आणि वाईट गेम यांतला सर्वांत मोठा फरक हाच आहे. हिंसा किती, रक्त किती, किती तास, हे प्रश्न नंतरचे.

पूर्वी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये नाणं टाकून खेळावं लागायचं. मालकाचा फायदा तुम्ही लवकर हरण्यात असायचा, कारण हरलात की पुढचं नाणं. नंतर गेमच्या कॅसेट आणि सीडी आल्या. एकदा पैसे दिले की कंपनीला तुम्ही किती वेळ खेळता याच्याशी देणंघेणं नसायचं. आता मोबाईलवरचे बहुतेक गेम फुकट असतात. फुकट गेमची कमाई जाहिरातीतून आणि गेमच्या आतल्या खरेदीतून होते, म्हणजे तुम्ही परत परत येण्यातून. ज्याची कमाई तुम्ही न उठण्यावर आहे, तो तुम्हाला उठायचं कारण कशाला देईल? म्हणून लेव्हल संपत नाहीत. म्हणून रोज हजेरी लावली की बक्षीस, आणि एक दिवस चुकला की मालिका तुटते. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळतात आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. त्याचा हिशोब मला गोळ्यांच्या डोससारखा वाटतो. पेशंटने एवढ्या नियमाने रक्तदाबाची गोळी घेतली असती तर माझं अर्धं काम झालं असतं.

यात मेंदूचं काय होतं ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याला लोक 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते पूर्ण बरोबर नाही. ते जास्त करून ओढीचं रसायन आहे. काहीतरी मिळणार आहे, पुढे जा, असं ते सांगतं. १९९८ साली लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा एक गेम खेळायला लावून त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं गेलं. लेव्हल पार केली की पैसे मिळणार होते. खेळताना त्यांच्या मेंदूत डोपामिन वाढल्याचं दिसलं. या अभ्यासाचा दाखला देऊन 'गेम म्हणजे ड्रग' असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. डोपामिन जेवणाने वाढतं, आवडत्या गाण्यानेही वाढतं. ते वाढणं हा आजार नव्हे.

खरी गोम बक्षीस कधी मिळणार हे माहीत नसण्यात आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी भूक लागेल तेवढंच बटण दाबतो. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं केलं की तो दाबतच राहतो. हे समजायला कबुतर लागत नाही. आपल्या खडकांवर गरी टाकून बसणारे बघा. मासा दर पाच मिनिटांनी हमखास लागला असता तर तासाभरात कंटाळून उठले असते. लागेल की नाही हे माहीत नाही, म्हणून उन्हात बसून राहतात. गेममधली बक्षिसांची बंद पेटी याच तत्त्वावर चालते. आत काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. बेल्जियमने २०१८ साली पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते मला तरी योग्य वाटतं. गरी टाकणाऱ्याला निदान भरती-ओहोटी उठवते. मोबाईलला ओहोटी नाही.

आता चांगली बाजू, आणि ती मी तोंडदेखली सांगत नाही.

२००७ साली अमेरिकेत ३३ सर्जनांचा एक अभ्यास झाला. दुर्बिणीतून ऑपरेशन करण्याच्या कौशल्याच्या चाचण्या त्यांना दिल्या. ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळले होते, त्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी होत्या आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त होता. माझे सर्जन मित्र हा आकडा बायकोला दाखवतात. पण इथे एक डॉक्टरी सावधानता हवी. गेम खेळल्यामुळे हात चांगले झाले, की हात-डोळे आधीच चपळ असलेले लोक गेमकडे वळले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. त्याच जातीचा दुसरा अभ्यास २००३ चा. वेगवान गेम खेळणाऱ्यांचं नजरेने एकाच वेळी अनेक गोष्टी टिपण्याचं कौशल्य जास्त आढळलं, आणि न खेळणाऱ्यांना दहा दिवस सराव दिल्यावर त्यांच्यातही सुधारणा दिसली. हे जास्त पटण्यासारखं आहे. पण त्यावरून 'गेममुळे मुलं हुशार होतात' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नजर तयार होते. गणित त्यामुळे येत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या, लक्ष न टिकणाऱ्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला उपचार म्हणून परवानगी दिली. डॉक्टरने चिठ्ठीवर गेम लिहून द्यायचा! पक्षाघातानंतर हात हलवण्याच्या व्यायामासाठीही अशा खेळांचा वापर होतो, आणि मला त्याचं महत्त्व कळतं, कारण 'रोज शंभर वेळा मूठ उघड-मीट करा' म्हटलं तर कुठलाही पेशंट चौथ्या दिवशी ते सोडून देतो.

पण मला गेमचं मोल कळलं ते या संशोधनातून नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. माझे भाऊ-वहिनी मुंबईत, आम्ही इथे. त्या वर्षी गणपतीला विलगीकरणाच्या नियमांमुळे ते येऊ शकले नाहीत. घरात गणपती, आणि माजघरात माणसं नाहीत, हे आमच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुतण्याने तिच्या फोनवर 'लुडो किंग' घालून दिला. (हा गेम आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ सालचा. बऱ्याच जणांना तो परदेशी वाटतो.) आरती झाली की आई इथे, भाऊ तिथे, डाव सुरू. ती लहानपणी सोंगट्या खेळलेली, त्यामुळे शिकवावं लागलं नाही. सोंगटी मारली की फोनवर हसण्याचा आवाज यायचा. त्या दीड महिन्यात तिच्या झोपेची गोळी मी निम्मी केली. गोळी कमी होण्याचं श्रेय मी गेमला देणार नाही, पण रोज संध्याकाळी वाट बघायला काहीतरी होतं, याला नक्की देईन.

डाव चार सोंगट्या घरात गेल्या की संपायचा. मग ती झोपायची.

आता माझी चूक. दोन-अडीच वर्षांपूर्वी मी मोबाईलवर एक गाव वसवण्याचा गेम घेतला होता. नाव सांगत नाही, कारण दोष माझा आहे. शेत पेरा, पीक काढा, शेजारच्या गावावर हल्ला करा. अडीच महिने खेळलो. एका रात्री साडेअकराच्या सुमाराला फोन वाजला. ओळखीतल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांना दम लागला होता, घेऊन येऊ का विचारत होते. फोन त्याच हातात होता. हल्ला संपायला दोन मिनिटं होती. मी फोन कापला आणि डाव संपवून परत लावला.

दोन मिनिटांनी काही बिघडलं नाही. ते आले, नेब्युलायझर दिला, ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत बरे झाले. त्यांच्या मुलाने तर 'डॉक्टर, तुम्ही लगेच परत फोन केलात' म्हणून आभार मानले. ते आभार अजून बोचतात. मी रात्रीच तो गेम काढून टाकला. पण लक्षात घ्या, मी पन्नाशीचा, शिकलेला, डोपामिन म्हणजे काय ते माहीत असलेला माणूस होतो, आणि तरीही अंगठ्याने फोन कापला. मग चौदा वर्षांच्या मुलाने आईच्या तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर त्याला उद्धट म्हणण्याआधी मी थांबतो.

'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजे खेळण्याचा आजार, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत तो आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याची लक्षणं तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम वरचढ होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारणपणे १२ महिने चालू असेल आणि त्यामुळे घर, शाळा, काम यांचं ठळक नुकसान होत असेल तरच निदान होतं. यात तासांचा आकडा कुठेच नाही, हे बघा. मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर गेम खेळणारा पोरगा आजारी असेलच असं नाही. दिवसाला दीड तास खेळणारा, पण त्यासाठी खोटं बोलणारा, परीक्षेला दांडी मारणारा, फोन घेतला की वस्तू फोडणारा, त्याला मात्र दाखवायला हवं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं. आपल्याकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं तर कणकवली-कुडाळकडे जावं लागतं, पण त्याआधी फोनवर बोलता येतं. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

हा क्रमांक मी मुद्दाम लिहिला आहे, कारण माझ्या पाहण्यातला सगळ्यात वाईट प्रकार लहान मुलाचा नव्हता. तिशीच्या आतला एक तरुण. घरची हापूसची कलमं, सगळा व्यवहार तोच बघायचा. छातीत धडधड होते, झोप नाही, म्हणून आला. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. तिसऱ्या खेपेला एकटा आला तेव्हा बोलला. पैसे लावून ऑनलाइन पत्ते खेळत होता. सुरुवातीला जिंकला होता. मग वाशीच्या दलालाकडून पेट्यांचे आलेले पैसे त्यात गेले, मग ते भरून काढायला उधार घेतलेले गेले. वडिलांना माहीत नव्हतं. मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. तो रडला आणि हो म्हणाला. त्या दिवशी वडिलांना बोलावून घेतलं, दवाखाना बंद करून तिघं बसलो. तो आज बरा आहे, कर्ज अजून फिटायचं आहे.

याला मी गेम म्हणत नाही. हा जुगार आहे, फक्त गेमचा सदरा घातलेला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळून बुडालेल्याला नाही, म्हणून लाजेने लपवू नका. कायद्याने सगळं बंद होईल असं मी धरून चालत नाही. गुपचूप चालणारे मार्ग निघतातच. पण ई-स्पोर्ट्स, साधा करमणुकीचा खेळ आणि पैशांचा खेळ यांत कायद्याने रेघ मारली, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा पालकांना बरं वाटलं होतं, पण ती बंदी मुलांच्या झोपेसाठी नव्हती, माहितीच्या सुरक्षेसाठी होती. पुढच्या जुलैत तोच खेळ दुसऱ्या नावाने परत आला.

शरीराच्या तक्रारी पटकन सांगतो, कारण त्या सोप्या आहेत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर तो अंगठ्याच्या स्नायुबंधाचा दाह असतो. विश्रांती, शेक, गरज पडली तर पट्टा. डोळे चुरचुरत असतील तर ते पापणी न मिटल्याने. स्क्रीनकडे बघताना आपण नेहमीपेक्षा खूपच कमी वेळा पापण्या मिटतो. दर वीस मिनिटांनी लांब बघा, आपल्याकडे लांब बघायला समुद्र आहे. जवळचं बघून चष्मा लागण्याचा धोका वाढतो आणि दिवसाच्या उजेडात बाहेर राहिल्याने तो कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्यासाठी खेळलंच पाहिजे असं नाही, गुरांमागे फिरलं तरी चालतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कोणीतरी बरोबर बसून. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचंही हेच म्हणणं आहे. जेवताना फोन देऊन भरवणं हा गेमचा विषय नाही, पण त्याची सुरुवात तिथेच होते, म्हणून सांगितलं.

झोपेचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. गेममुळे होणाऱ्या नुकसानातलं बरंचसं मला झोपेतून होताना दिसतं. चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष नसणं, सकाळी न खाणं. मला एका पालकाने प्रश्न केला होता, आपण रात्रभर जागून जत्रेतला दशावतार बघायचो, तेव्हा आमची झोप जात नव्हती का? चांगला प्रश्न आहे. जायचीच. पण पहाटे दहीहंडी फुटली की नाटक संपायचं, आणि गावची जत्रा वर्षातून एकदा. रोज रात्री जत्रा असती तर मी दशावताराविरुद्धही लेख लिहिला असता.

तर तो नववीतला मुलगा. त्याला तपासलं. रक्तदाब ठीक, बाकी तपासणी ठीक. रात्री दोनला झोपत होता, सातला उठत होता, सकाळी काही न खाता शाळेत. फळ्यावरचं नीट दिसत नाही हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. म्हणजे डोकेदुखीला तीन कारणं होती आणि गेम त्यातल्या एकाचं मूळ होता.

मी त्याच्या आईला एकच गोष्ट सांगितली, आणि तीच तुम्हालाही सांगतो. त्या जातीचा गेम मध्ये थांबवता येत नाही. एक मॅच साधारण अर्धा तास चालते. मध्ये उठलं तर बाकीचे तिघे मरतात. म्हणजे 'आत्ताच्या आत्ता बंद कर' हे त्याच्या कानाला 'भजन चालू असताना तुझा टाळ टाकून ऊठ' असं ऐकू येतं. म्हणून हाक मारताना विचारायचं, मॅच किती वाजता संपेल? तो जी वेळ सांगेल ती धरायची, आणि त्यानंतर नवी मॅच नाही. शेवट गेम देत नसेल तर तो आपण द्यायचा, पण मॅचच्या मधोमध नाही. मुलाला सांगितलं, दहाऐवजी साडेआठला सुरू करा, नालासोपाऱ्याच्या भावांना मी फोन करू का? त्याने घाईघाईने सांगितलं की तो स्वतःच करेल. फोन रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला. आईचाही तिथेच, हे त्याने अटीत घातलं, आणि ती अट मला रास्त वाटली.

महिन्याने दोघं परत आले. नालासोपाऱ्याचे भाऊ साडेआठला तयार होत नाहीत, नऊ वाजतातच. झोपायला अकरा होतात. दोनदा भांडण झालं, एकदा फोन दोन दिवस कपाटात गेला. डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली आहे. गणपतीला चुलतभाऊ येणार आहेत, तेव्हा समुद्रावर क्रिकेटला चार तरी भिडू जमतील असं म्हणत होता. चष्मा मात्र लागला. मायनस सव्वा.